भूमिस्वामी आणि भूमिधारी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही सिहोऱ्यातील एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. घरची थोरली मुलगी इंग्लंडात परिचारिका आहे. तिने तेथे नुकताच एक फ्लॅट घेतला. ही आनंदाची वार्ता सांगताना वडिलांच्या कपाळावर मात्र आठी होती. ते म्हणाले, "फादर, पोरीनं पैसे मोजले, पन जागा म्हनते दुसऱ्याची. सव्वाशे वर्सांनी घर वापस! असं कुठं असते का जी?"

असते. इंग्लंड व वेल्समध्ये 1925च्या कायद्याने जमिनीवरील कायदेशीर मालकीचे दोनच प्रकार राखले. एक फ्रीहोल्ड, म्हणजे काळाची मर्यादा नसलेली मालकी. दुसरा लीजहोल्ड, म्हणजे ठराविक वर्षांचा पट्टा. पट्ट्याची वर्षे सरत जातात तशी घराची किंमत उतरते, आणि मुदत वाढवून घ्यायची तर मूळ मालकाला पुन्हा रक्कम मोजावी लागते. शिवाय दरवर्षीचे भूभाडे असे. 2022च्या कायद्याने नव्या दीर्घ पट्ट्यांचे हे भाडे मिऱ्याच्या एका दाण्यावर आणले (कायद्यात शब्द खरोखरच मिऱ्याचा आहे!). गंमत अशी, की फ्रीहोल्डवाला तरी सर्वस्वी मालक कोठे? त्या देशाच्या जुन्या सिद्धान्तानुसार सगळी जमीन अखेर राजमुकुटाचीच. बाकीचे सारे धारण करणारे.

हे ऐकून त्या गृहस्थांनी पेटीतून आपला सातबारा काढला. त्यावर लिहिले होते : भोगवटादार वर्ग 2. वडिलांना सरकारकडून मिळालेले धानाचे शेत. पिढ्यान्‌पिढ्या कसावे, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकू नये. 2019च्या नियमांनी ठराविक रक्कम भरून अशा काही जमिनी वर्ग 1 मध्ये नेण्याची वाट मोकळी केली आहे. धाकट्या मुलाला दुकान टाकायचे आहे. शेत वर्ग 1 झाले तर त्यातला एक तुकडा विकता येईल. "करू का नोको?" असा त्यांचा प्रश्न होता.

आमच्या या भागात जुन्या कागदांवर 'भूमिस्वामी' आणि 'भूमिधारी' असे शब्द सापडतात. भंडारा मध्य प्रदेशात असताना 1954च्या महसूल कायद्याने ते आणले. स्वामीचे हक्क मोठे, धारीचे मर्यादित. परंतु येथील स्वामीसुद्धा वरवरचाच. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. आपल्या शेताखाली खनिज निघाले म्हणून ते शेतकऱ्याचे होत नाही. ते सरकारचे, आणि खणणाराही पट्ट्यानेच खणतो.

मग बंधन आहे की नाही, हा प्रश्न आम्हास दुय्यम वाटतो. बंधन कोणासाठी आहे, हे विचारावे. इंग्लंडातील भूभाडे जमिनीच्या मालकासाठी होते. वर्ग 2चे बंधन, निदान कल्पनेत तरी, कसणाऱ्यासाठी आणि त्याच्या न जन्मलेल्या नातवंडांसाठी आहे. लेवीयच्या पुस्तकातील योबेल वर्षाचा नियम याच जातीचा. शेत कायमचे विकायचे नाही. पुढील योबेलपर्यंत किती पिके निघतील ते मोजून तेवढीच किंमत घ्यायची, आणि पन्नासाव्या वर्षी शेत मूळ घराण्याकडे परत. म्हणजे एक प्रकारचा पट्टाच! तटबंदीच्या नगरातले घर मात्र वर्षभरात सोडवले नाही तर कायमचे गेले; नियम करणाऱ्याने घर आणि शेत यांत फरक ओळखला होता. 2025 साली आपण ज्युबिली वर्ष पाळले, यात्रा केल्या. हे वर्ष मुळात जमिनीचे होते, याची आठवण किती जणांना झाली असेल कोण जाणे.

तथापि बंधन ज्याच्या रक्षणासाठी घातले त्यालाच कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावू लागले, मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी हवी असलेली परवानगी शस्त्रक्रियेनंतर मिळू लागली, तर ते रक्षण राहत नाही. आणि राखणारा नुसता बदलला म्हणून भागत नाही, हे आमच्या तलावांनी दाखवले आहे. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराच्या वेठबिगारीतून लोक सुटले, हे फार चांगले झाले. पण माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात, त्यांतील कित्येक गाळाने भरले. मालकी सरकारची, पाणी सर्वांचे, गाळ कोणाचाच नाही.

येथे एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्हीच एका कुटुंबाला, जमीन वर्ग 1 करून घ्या, ताठ मानेने मालक व्हा, असा आग्रह केला होता. दोन वर्षांत ते शेत विकले गेले. पैसा एका लग्नात आणि एका मोटारसायकलीत संपला. ती मुले आता दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जातात. त्यांना मोकळीक नाकारायला हवी होती, असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण तेव्हा नातवंडांविषयी एक शब्दही आम्ही काढला नव्हता.

म्हणून सिहोऱ्यात आम्ही सल्ला दिला नाही. एवढेच म्हटले, की दुकानाचा हिशेब आधी कागदावर मांडा, आणि तो मांडताना मुलाबरोबर सुनेलाही बसवा. त्यांनी सातबाऱ्याची घडी घातली, पेटीत ठेवली आणि थोडा वेळ गप्प राहून विचारले, "मिऱ्याचा एकच दाना, फादर? मंग आमचा सारा लयच झाला म्हनायचा."