राखलेला काळोख

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात, सुमारे 2,300 फुटांवरच्या चेरी स्प्रिंग्ज स्टेट पार्कमध्ये रात्री तंबूबाहेर आलो, तेव्हा प्रथम परिचय घडला तो ताऱ्यांचा नव्हे, शिस्तीचा. विजेऱ्यांना तांबडे आवरण, त्याही जमिनीकडे झुकलेल्या. आणि अनोळखी माणसे गाभाऱ्यात बोलावे तशी हलक्या आवाजात बोलणारी. डोळ्यांनी अर्ध्या तासात सावकाश साठवलेली अंधाराची पुंजी पांढऱ्या दिव्याची एक तिरीप क्षणात उधळून टाकते, हे तिथे सर्वांना ठाऊक असते. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोळ्यांचाही विश्वस्त.

मग तारे इतके दाटून येतात की शहरात ओळखीची झालेली नक्षत्रे त्या गर्दीत हरवतात. आपल्या आकाशज्ञानाचा केवढा भाग आकाशाच्या दारिद्र्यावर पोसलेला होता! देवयानी दीर्घिकेचा धूसर डाग रोखून पाहावा तर आक्रसतो, नजर किंचित बाजूला सरकवावी तर पसरतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या ऐन मध्यात नसतातच. सुमारे 25 लाख वर्षे चालत आलेला प्रकाश थेट रोखलेल्या नजरेला असा हुलकावणी देतो, आणि मला वाटत राहते, स्मृतीचे आणि कवितेचेही बहुधा असेच असावे.

भोवतीचे अरण्य आदिम भासते. तसे ते नाही. शतकापूर्वीच्या लाकूडतोडीने हे डोंगर बोडके केले होते. आजची झाडी पुन्हा वाढू दिलेली आहे. इथला काळोखही तसाच जोपासलेला: 2000 साली राज्याने आणि 2008 साली आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. जी गोष्ट सूर्य मावळताच फुकट मिळत होती, तिच्यासाठी नियमावली लिहावी लागावी, याला प्रगती म्हणावे की प्रायश्चित्त, मला ठरवता येत नाही.

आपल्याकडे पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये असाच मान मिळाला, तोही आसपासच्या गावांतल्या दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवल्यावर. इतरत्र मात्र मंगल कार्यालयाच्या हॅलोजनखाली गुरुजी अजूनही वधूवरांना अरुंधती दाखवतात, आणि समोर काहीच दिसत नसताना ती दोघे आज्ञाधारकपणे मान डोलावतात.