भिंतीवरचा एकेंद्रिय

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरायची नाही, हे आमच्याकडं लहान पोरीलाही सांगावं लागत नाही. कांदा, बटाटा, गाजर तर अनंतकाय म्हणून कायमचेच बाहेर. आणि त्याच घराच्या व्हरांड्यात लाकडाच्या फळीवर सांबराच्या शिंगासारखं फुटलेलं हिरवंगार नेचं टांगलेलं असतं. बेळगावच्या नर्सरीत त्याला ‘स्टॅगहॉर्न’ म्हणतात, कुणी ‘एल्कहॉर्न’. बस्तीतल्या स्वाध्यायानंतर एका आक्कांनी मला सरळच विचारलं, “पोटासाठी पान तोडायला आपण भितो, मग शोभेसाठी आख्खा जीव भिंतीला टांगलेला कसा चालतो गं?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वनस्पती हा एकेंद्रिय जीव, तिला स्पर्शाचं ज्ञान आहे, हे आपण जन्मापासून मानतो. मग उत्तरही आपणच द्यायला पाहिजे.

आधी ते झाड तरी ओळखूया. मूळ ऑस्ट्रेलियाकडचं. मातीत नाही, झाडाच्या खोडावर वाढतं. पण बांडगूळ नव्हे. बांडगूळ दुसऱ्याचा रस ओढतं, हे नुसतं बूड टेकतं. त्याची पानं दोन तऱ्हेची. काही ढालीसारखी, खोडाला चिकटलेली. ती हिरवी उगवतात, मग तपकिरी होतात आणि वरून पडलेला पाचोळा, धूळ, पाणी धरून ठेवतात. त्यावरच झाड जगतं. पुष्कळजणी ‘वाळलं’ म्हणून ती ढाल ओरबाडून काढतात, काढू नका. दुसरी पानं शिंगांची. त्यांच्या टोकाला तपकिरी मखमल आली तर तो रोग नव्हे, ते बीजाणू. पानावरची पांढरी लवही पुसायची नाही, ती ओल धरून ठेवते. आठवड्यातून एकदा फळी बादलीत दहा मिनिटं बुडवावी, निपाणीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दोनदा. उरलेलं पाणी कढीपत्त्याला. बेळगावच्या पावसाळ्यात तर पाण्याचं नावच नको.

याच कुळातलं आपल्याकडचं नेचं म्हणजे बाशिंग. खानापूर-जांबोटीकडं, आंबोलीच्या वाटेला झाडांच्या खांद्यांवर बसलेलं दिसतं. त्याचीही तीच रीत, तपकिरी पानांच्या ओंजळीत पाचोळा झेलायचा आणि पावसात लांब हिरवी पानं काढायची. मुनींच्या आहाराला भ्रामरी वृत्ती म्हणतात, भुंग्यासारखं फुलाला न दुखवता घेणं. हे नेचं त्याच्याही पुढं गेलं आहे, फुलाजवळ जातच नाही. गळलेलं तेवढंच घेतं.

अशा झाडाला जंगलातून खरवडून आणणं हा माझ्या मते उघड अनर्थदंड. विनाकारण झाडं तोडणं, माती उकरणं, पाणी सांडणं, हे सगळं श्रावकाचारात त्याच नावाखाली येतं. नर्सरीत पिलापासून वाढवलेलं रोप आणलं तर गोष्ट थोडी वेगळी. पण ‘बघून मनाला शांत वाटतं’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. त्या हिशोबानं पिंजऱ्यातला पोपटही चालेल की! पोपटाला उडायचं असतं, नेच्याला कुठं जायचं नसतं, एवढा फरक मी मानते. तरी ज्याचं सगळं जग स्पर्शाचं, त्याला आपण टेकायला काय दिलं? खरखरीत लाकूड आणि वाहता वारा, की प्लॅस्टिकचा तुकडा आणि बंद दिवाणखाना?

खरी परीक्षा पुढंच असते, किडीची. पानामागं तपकिरी खवल्यांसारखे ठिपके दिसतात, बोट लावलं तर चिकट लागतं. तो खवलेकिडा. दुकानदार लगेच कडुलिंबाचं तेल पुढं करतो, “सेंद्रिय आहे वैनी.” सेंद्रिय म्हणून ते अहिंसक होत नाही, त्या शब्दातलं इंद्रिय नेमकं मरणाऱ्याकडं असतं. शास्त्राच्या गणतीत नेचं स्थावर, कीड त्रस, तिला इंद्रियं जास्त. एकेंद्रियाला वाचवायला त्याच्याहून वरच्याला मारायचं, तेही व्हरांड्याच्या शोभेसाठी?

यावर कुणी म्हणेल, निपाणीच्या तंबाखूवर फवारणी करणारे आपलेच लोक नव्हेत काय? होय, आपलेच. पण ती उद्योगी हिंसा. शेतकरी त्याचा दोष जाणतो, पोटासाठी सोसतो, आणि सुटेल तेवढी सोडतो. व्हरांड्यातल्या फवारणीला तसलं कुठलं नाव देता येत नाही. तिथं बाटली उचलली की ती संकल्पीच्या फार जवळ जाते.

माझ्या फळीवर कीड आली तेव्हा मी ती फळी परसातल्या आंब्याला बांधली. तिथं ढालकिडे येतात, खवलेकिडे खातात. “म्हणजे मारायचं काम दुसऱ्यावर सोपवलंस,” आक्का म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. एवढंच म्हणेन, ढालकिडा पोटासाठी खातो, आणि त्या झाडावर माझ्या फळीच्या आधीपासून खात होता. तीन शिंगं गळली, बाकीची राहिली.

यंदाच्या पावसात त्याला बाजूनं एक पिलू फुटलंय. भाचसून मागतेय, तिच्या नव्या फ्लॅटच्या भिंतीसाठी. देईन, पण कीड आली तर काय करशील, हे आधी विचारणार आहे. तिच्या फ्लॅटला परस नाही.