दिवा विझतो, दोष राहतो

मोटारीच्या स्टिअरिंगखाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्याच्या अंगाला, सोळा छिद्रांचे एक सॉकेट असते. चालवणाऱ्याचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. गॅरेजमधला मिस्त्री मात्र आधी तिथेच हात घालतो, स्कॅनर लावतो आणि गाडीचे दुखणे पडद्यावर वाचतो. अलीकडे हेच काम करणारे आगपेटीएवढे यंत्र काही शे रुपयांत मिळू लागले आहे. ते सॉकेटात बसवले की इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान, बॅटरीचा दाब, इंधन आणि हवेचे प्रमाण असे आकडे मोबाइलवर किंवा समोर चिकटवलेल्या छोट्या मीटरवर उमटतात.

वस्तू क्षुल्लक आहे. पण तिने एक जुनाच प्रश्न नव्याने आपल्या दारात आणून ठेवला आहे. जे आपल्याला कळले ते कोणाचे? आपले एकट्याचे, की ज्याला त्याची झळ पोहोचणार आहे त्याचेही? आम्ही मोटारींचे जाणकार नाही. उर्दू शाळेत मुलांना शिकवणारे आहोत. परंतु हा प्रश्न मोटारीचा कमी आणि ईमानाचा जास्त आहे, म्हणून त्यात शिरण्याचे धाडस करतो.

आधी काट्याची गोष्ट पाहू. पूर्वीच्या गाडीत तापमानाचा काटा असे आणि इंजिन तापेल तसा तो वर चढे. आजच्या बऱ्याच गाड्यांत काटा असला, तरी तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. पाणी ऐंशी अंशांवर असो वा शंभराच्या जवळ, काटा मधोमध उभा. काटा जरा हलला की मालक घाबरून गॅरेज गाठतात, म्हणून कारखानदारांनी ही सोय केली. काही गाड्यांत तर काटाच नाही. एक निळा दिवा आणि एक लाल दिवा. लाल दिवा लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस-बेचाळीसवर जातो. अशा दुपारी गुलबर्ग्याच्या उरुसाला सात-आठ माणसे भरून निघालेल्या जुन्या गाडीचे पाणी हळूहळू तापत असते आणि काटा मध्यावर शांत असतो. छोटे डिजिटल मीटर मात्र सांगते : सत्त्याण्णव, शंभर, एकशे चार. चालवणारा गाडी सावलीला घेतो, इंजिनाला थंड होऊ देतो, आणि हेड गॅस्केट उडण्याचा हजारोंचा खर्च टळतो. काट्याने त्याला दिलासा दिला होता, आकड्याने माहिती दिली. आपल्या आयुष्यातही दिलासा देणारे पुष्कळ भेटतात. माहिती देणारा क्वचितच भेटतो, आणि तो भेटला तर आपल्याला आवडतोच असे नाही.

माप कोणाच्या हाती असते यावर न्याय अवलंबून असतो, हे सोलापूरकरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. विडी वळणाऱ्या आपल्या आयाबहिणींना विचारा. हजार विड्यांसाठी मिळालेले पान कमी पडले तर पदरचे पैसे घालून आणावे लागते, आणि वळून नेलेल्या विड्यांतल्या किती 'छाट' म्हणून बाजूला काढायच्या हे तपासणारा ठरवतो. माप त्याचे, निकालही त्याचाच. गॅरेजमध्ये गेलेल्या गरीब गाडीवाल्याची गत फारशी वेगळी नव्हती. मिस्त्री सांगेल तो रोग आणि तो म्हणेल ती किंमत. या छोट्या यंत्राने तराजू गिऱ्हाइकाच्या हाती दिला, ही त्याची मोठी कामगिरी मानली पाहिजे. पण तराजू हाती आला की जबाबदारीही हाती येते.

ते सॉकेट गाडीत आले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. मालकाच्या सोयीसाठी ते बसवलेले नाही. धुराने गुदमरलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून असा नियम लागू केला, की धूर आवरणारी यंत्रणा बिघडली तर गाडीने स्वतःच ते ओळखावे आणि दिवा लावून सांगावे. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना एकाच नमुन्याचे सॉकेट आणि एकच सांकेतिक भाषा सक्तीची झाली. भारतात बी.एस. ४ मानकांबरोबर २०१० पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. म्हणजे समोरचा तो पिवळा दिवा मुळात मालकासाठी नव्हेच. रस्त्याकडेला श्वास घेणाऱ्या परक्या माणसासाठी तो आहे. गाडीने स्वतःच्या विरुद्ध दिलेली ती गवाही आहे.

आणि गवाह फितूर झाला तर? तेही घडून गेले आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिझेल मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजला. या गटात आपल्या देशातून शिकायला गेलेले तरुणही होते. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरलेल्या फोक्सवॅगनच्या गाड्या रस्त्यावर कितीतरी जास्त विषारी वायू सोडत होत्या. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी सरकारने कंपनीला नोटीस दिली आणि सगळे उघड झाले. परीक्षा चालू आहे हे गाडीतले सॉफ्टवेअर ओळखत असे. तेवढ्यापुरता धूर आवरायचा, परीक्षा संपली की मोकळा सोडायचा. मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडत होते आणि समोरचा दिवा मात्र कधी लागला नाही. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते.

ही गोष्ट दूरदेशीची नाही. या कंपनीचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. पुण्याच्याच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने भारतात तपासणी केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. कंपनीचे म्हणणे असे, की भारतात आम्ही नियम मोडलेला नाही, कारण इथे तेव्हा रस्त्यावरच्या धुराची चाचणीच नव्हती. रस्त्यावरची मोजणी आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नियमात आली. कायद्याचा निवाडा न्यायालयाचा, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण 'परीक्षेत हा प्रश्न नव्हता' हा युक्तिवाद आम्हा शिक्षकांना ओळखीचा आहे. जो फक्त परीक्षेपुरता शिकतो, तो शिकलेला नसतो.

एवढ्या मोठ्या कंपनीला नावे ठेवणे सोपे आहे. आता आपल्या मोहल्ल्यात येऊ. या छोट्या यंत्रात एक बटण असते : दोष पुसा. ते दाबले की गाडीच्या मेंदूत नोंदलेला दोष जातो आणि पिवळा दिवा विझतो. दुरुस्ती केल्यानंतर जुनी नोंद काढण्यासाठी ते दिलेले आहे. परंतु सेकंडहॅण्ड गाडीच्या बाजारात त्याचा दुसरा उपयोग फार लवकर सापडला. गिऱ्हाईक यायच्या आधी बटण दाबायचे. दिवा विझतो, दोष राहतो. पुढच्या शंभर-दोनशे किलोमीटरवर दिवा पुन्हा लागतो, तेव्हा गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असते. आणि तो दुसरा बहुतेक वेळा आपल्यासारखाच कोणीतरी असतो. पतपेढीचे कर्ज काढून व्हॅन घेतो, सकाळी शाळेची मुले ने-आण करतो आणि दुपारी भाडे मारतो.

यावर एक उत्तर हमखास मिळते. विकणाराही गरीबच आहे. दोष सांगितला तर वीस हजार कमी मिळतील, आणि त्या वीस हजारांवर मुलीचे ॲडमिशन अडलेले आहे. घेणाऱ्याने पाहून घ्यावे, त्याचे डोळे कोणी बांधले आहेत? हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गरज खरी आहे, आणि ज्याची गरज खरी आहे त्याला उपदेश करण्याचा आम्हाला कंटाळा आहे. पण हिशेब नीट मांडला तर दिसते, की वीस हजारांचा खड्डा बुजलेला नाही. तो फक्त दुसऱ्याच्या अंगणात सरकवला आहे, आणि त्या अंगणातही ॲडमिशनला आलेली मुलगी असू शकते. शिवाय त्या व्हॅनमध्ये ज्यांची मुले बसतात, त्यांना तर या सौद्यात कोणी विचारलेलेच नाही.

कायदा इथे बारीक फरक करतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात सतराव्या कलमाप्रमाणे नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. पण ठाऊक असलेली गोष्ट कृती करून झाकणे ही फसवणूक आहे. बटण दाबणे ही कृती आहे. आपल्या फिकहची अपेक्षा याहून जास्त आहे. मालातला ऐब सौद्यानंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. बाजारातल्या धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असतो. पावसाने भिजले हा व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. भिजलेले खाली आणि कोरडे वर, हा गुन्हा होता. मराठीत आपण याला दोन शब्दांत सांगतो : मापात पाप.

मग असाही एक विचार येतो, की मीटर लावलेच नाही तर बरे. कळलेच नाही तर सांगण्याचा प्रश्न उरत नाही. पूर्वी 'मला माहीत नव्हते' हे प्रामाणिक उत्तर असू शकत होते, कारण कळण्याचे साधन मिस्त्रीकडेच होते. काही शे रुपयांत कळू शकते, इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू येतो, आणि तरीही आपण मुद्दाम पाहत नाही, तेव्हा ते अज्ञान राहत नाही. ती निवड होते. राशीत हात घालायचाच नाही असे ठरवणाऱ्याला धान्य कोरडे असल्याची शपथ घेता येत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आकड्यांचा वसवसा लागणारेही असतात. रस्ता सोडून मीटरकडे पाहत गाडी हाकणारा स्वतःला आणि समोरच्याला धोक्यात घालतो. शिवाय यंत्राला सगळे कळत नाही. झिजलेले टायर, पातळ झालेले ब्रेकचे लायनर, ढिले स्टिअरिंग यांची खबर या स्वस्त यंत्राला लागत नाही. पाणी पूर्ण गळून गेले तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही कमी आकडा सांगू शकतो. गवाह जे त्याला स्पर्श करते तेवढेच सांगणार. म्हणून 'मीटरवर दोष नाही' याचा अर्थ 'गाडीत दोष नाही' असा करणे हीसुद्धा एक पळवाट आहे. आमच्या निकालपत्रकात मुलाचे पस्तीस गुण दिसतात, तो उपाशीपोटी येतो हे दिसत नाही. ते विचारावे लागते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : दोषाची माहिती ही मिळकत नाही, अमानत आहे. ज्याला तिची झळ लागणार त्याच्यापर्यंत ती पोहोचवली की आपण मोकळे होतो. व्यवहारात हे अवघड नाही. विकणाऱ्याने दिवा जळत ठेवावा, काय बिघडले ते सांगावे आणि तेवढी किंमत कमी घ्यावी. घेणाऱ्याने सोबत ओळखीचा फिटर आणि हे छोटे यंत्र न्यावे, आणि गाडी थंड असताना सुरू करून पंधरा-वीस मिनिटे चालवून पाहावी.

आणि त्याने आणखी एक आकडा जरूर पाहावा. नोंद पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे बहुतेक गाड्या वेगळे लिहून ठेवतात. नोंद पुसली की आतल्या स्वयंचाचण्याही 'अपूर्ण' दिसू लागतात. ज्या गाडीची चार वर्षांत एक लाख किलोमीटर धाव झाली आहे, तिने 'नोंद पुसून बारा किलोमीटर झाले' असे सांगितले, तर पुढे काय विचारायचे हे शहाण्याला कळते. यंत्राला दोष विसरायला लावता येतो, पण विसरायला लावले ही गोष्ट ते विसरत नाही. पत्रा आणि तारा यांच्या यंत्रात माणसाने एवढी व्यवस्था करून ठेवली आहे. ज्याने माणूस घडवला, त्याने आपल्या आत याहून कमी व्यवस्था ठेवली असेल, असे आम्हाला वाटत नाही.