धूर आहे म्हणून चूल विझवायची नाही


आजचं चिंतन: गीता, अध्याय १८, श्लोक ४८.

दोन आठवडे माझी जपमाळ खुंटीवरच होती. मन लागत नाही, मग नुसते मणी ओढून काय उपयोग?

काल ऑफिसमधून येताना जंगली महाराज रोडवर पाताळेश्वरला थांबले. आठव्या शतकातलं लेणं, काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेलं. आपला हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकले तिथे भोकं राहतात. कारागीर निर्दोष दगडासाठी थांबले नाहीत. होता त्यातच महादेवाचं घर केलं. काही काम अपुरं राहिलं, तरी आजही तिथे पूजा होते.

भगवंत अर्जुनाला तेच सांगतात: अग्नीला धूर, तसा प्रत्येक कर्माला काही ना काही दोष असतोच, म्हणून वाट्याचं कर्म टाकू नकोस. म्हणजे आळसाला सूट नाही हं! धूर झाला तर फुंकर मारायची, चूल विझवायची नाही.

घरी येऊन माळ हातात घेतली. तुळशीचं लाकूड, एक मणी दुसऱ्यासारखा नाही. कुठे गाठ, कुठे चीर. मन भटकलं, पण १०८ पूर्ण झाले.

'नीट जमत नाही' म्हणून तुम्ही काय सोडलंय? आज पाच मिनिटं तेच करा.

राम कृष्ण हरि!