आवड आणि भाकर



आवडेल तेच काम करा, पैसा मागोमाग येईल, असे हल्ली तरुणांना सर्रास सांगितले जाते. हे कितपत खरे आहे?

आवडीने केलेले काम उठून दिसते, यात शंका नाही. पण पोट भरते ते त्या कामाचे मोल कुणीतरी देते तेव्हा. वसईचा बागायतदार आपल्या वाडीवर पोटच्या मुलासारखी माया करतो. तरीही दादरच्या बाजारात फुलांचा भाव पडला की त्या मायेपोटी कुणी त्याला दोन रुपये जास्त देत नाही.

संत पौलाकडे पाहा. शुभवार्ता सांगणे हा त्याचा ध्यास होता. तरीही करिंथमध्ये तो अक्विला आणि प्रिस्किला यांच्याकडे राहून त्यांच्याबरोबर तंबू बनवीत असे (प्रेषितांची कृत्ये 18:3). ध्यास एक आणि चरितार्थाचे साधन दुसरे, यात त्याला कमीपणा वाटला नाही. म्हणून दिवसा नोकरी करून संध्याकाळी संगीत जोपासणाऱ्या तरुणाने स्वतःला अपयशी समजू नये.

मात्र शुभवार्ता सांगणाऱ्याला तिच्यावर उपजीविका करण्याचा हक्क आहे, हेही पौलानेच करिंथकरांना बजावले (1 करिंथ 9:14). स्वतःचा हक्क त्याने आपणहून सोडला. दुसऱ्या कुणी तो हिरावून घेतला नाही. हा फरक आपण विसरतो. लग्नात हॉल आणि केटरिंगचे पैसे आपण निमूट मोजतो. मिस्सामध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याला मात्र म्हणतो, "तुम्हाला तर आवडच आहे, पैसे कसले घेता?" शिकवणी घेणाऱ्या ताईंनाही हेच ऐकावे लागते. त्यांची आवड म्हणजे आपल्याला मिळालेली सूट नव्हे.

पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरूम नोवारूम' या परिपत्रकात स्पष्ट केले की, कामगाराने मान्य केली म्हणून तुटपुंजी मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी ती असलीच पाहिजे. त्यांच्यासमोर गरजेपोटी होकार देणारा मजूर होता. आवडीपोटी होकार देणाऱ्यालाही तोच न्याय लागू व्हायला नको का?

ज्याला सेवा विनामूल्य द्यायची आहे, त्याने ती आनंदाने द्यावी. पण ते त्याने ठरवावे. आपण आधी मोबदला पुढे करावा. कामाची आवड ही देवाची देणगी आहे. त्या कामाचे योग्य दाम देणे ही आपली जबाबदारी.