तो दिसलं तेच सांगत होता

"दादा, फ्लॅग एक दिसतोय, पण डेटा जुनाच येतोय."

दोन वर्षांपूर्वी टीममधल्या ज्युनिअरने मला हे सांगितलं, तेव्हा मी स्क्रीनवरून मान वर न करता म्हणालो, "शक्यच नाही."

कोड माझा होता, कर्नेल ड्रायव्हरमधला, जेमतेम चार ओळींचा. एका कोअरने आधी डेटा भरायचा, मग 'तयार' म्हणून फ्लॅग एक करायचा. दुसऱ्याने फ्लॅग बघायचा आणि एक असेल तरच डेटा वाचायचा. लॉक वगैरे काही नाही. आधी ताट वाढायचं, मग जेवायला हाक मारायची, इतकं सरळ. माझ्या एक्स८६ लॅपटॉपवर हे रात्रभर चाललं, एकदाही चुकलं नाही. तो एआरएम बोर्डवर चालवत होता आणि तिथे दिवसातून एखाद-दोनदा चुकायचं. मी म्हटलं, प्रिंट टाकून बघ. प्रिंट टाकल्यावर चूक गायब! मग काय, हा नीट बघत नाही, अशी माझी खात्रीच पटली.

प्रोसेसर आपण लिहिलेल्या क्रमानेच मेमरीला हात लावेल असं नसतं. लिहायचं ते तो आधी स्वतःजवळच्या स्टोअर बफरमध्ये ठेवतो, वाचायचं ते कधीकधी वेळेआधीच वाचून घेतो. त्याच्या स्वतःपुरता हिशोब बरोबर लागतो, फक्त दुसऱ्या कोअरला क्रम वेगळा दिसू शकतो. एक्स८६ दोन लिखाणांचा क्रम सांभाळतो, एआरएम तसं वचनच देत नाही. म्हणजे हाक पोचते आणि ताट रिकामंच. प्रिंटमुळे फक्त वेळेचं गणित बदललं होतं.

एक्स८६ही तसा साळसूद नाही. दोन कोअर, दोन व्हेरिएबल, दोन्ही शून्य. प्रत्येकाने आपल्यात एक लिहायचा आणि मग दुसऱ्याचं वाचायचं. दोघांनाही शून्य दिसू शकतं! पहिला म्हणतो मी आधी लिहिलं, दुसरा म्हणतो मी आधी, आणि खोटं कुणीच बोलत नाही. 'नक्की आधी काय झालं' या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर असतंच असं नाही, हे लेस्ली लॅम्पोर्टने १९७८ मध्येच मांडलं होतं. कॉलेजात ते मी मार्कांपुरतं वाचलं होतं.

माणसं म्हणजे कोअर नव्हेत, मान्य. माणसं खोटंही बोलतात. पण दोघांचं सांगणं जुळलं नाही की त्यातला एक चुकतोय, हे मी इतक्या पटकन कसं धरून चाललो? आणि चुकणारा नेमका ज्युनिअरच कसा?

तीन आठवड्यांनी चूक सापडली. लिहिणाऱ्याच्या बाजूला 'रिलीज', वाचणाऱ्याच्या बाजूला 'अक्वायर'. एकाच बाजूला लावून भागत नाही, दोन्हीकडे लागतं. दोन ओळींचा पॅच. त्याला सॉरी म्हटलं, तो हसला, आम्ही चहा प्यायलो.

पण त्या तीन आठवड्यांत अप्रेझल होऊन गेलं होतं. त्याच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं, 'निष्कर्ष काढण्याची घाई करतो.' मी खोटं लिहिलं नव्हतं, मला दिसलं तेच लिहिलं. तोही त्याला दिसलं तेच सांगत होता. फरक इतकाच, की माझं म्हणणं फॉर्ममध्ये गेलं. त्यामुळे 'मला तेव्हा माहीत नव्हतं' ही सबब मला पुरेशी वाटत नाही. माहीत नसणं हा दोष नाहीच. 'शक्यच नाही' म्हणणं हा आहे, कारण त्याच्या बोर्डवर मी एकदाही जाऊन बघितलं नव्हतं.

लिनक्स कर्नेलमध्ये २००२ पासून आरसीयू आहे. त्यात बदल करणारा नवी प्रत बनवून पुढे ठेवतो, पण ज्यांनी जुनी वाचायला घेतलीये त्यांचं वाचून होईपर्यंत ती टाकून देत नाही. थांबायचं ओझं वाचणाऱ्यावर नाही, बदलणाऱ्यावर. मला ही रीत फार आवडते. पण तिथे जुनी प्रत वाचणारा शेवटचा माणूस कधीतरी उठतो.

मी मॅनेजरकडे गेलो. फॉर्म लॉक झालाय, पुढच्या सायकलला चांगलं लिही, असं ते म्हणाले. पुढच्या सायकलआधीच त्याने नोकरी सोडली.