पहिल्या टप्प्यातली माणसं

नायट्रिक ऑक्साइड हा वायू आपल्या सगळ्यांच्या अंगात असतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो सतत तयार होतो, काही सेकंदांत विरून जातो आणि तेवढ्यात रक्तवाहिनी सैल करतो. या शोधाला 1998 साली नोबेल मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी याच वायूच्या बळावर काम करते. जन्मतःच फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या राहिलेल्या बाळांना तो श्वासातून देतात, दहा लाख भागांत जेमतेम 20 भाग इतकाच.

इस्रायलमध्ये 2022 साली हाच वायू माणसाच्या कर्करोगाच्या गाठीत सुईने सोडून पाहायला सुरुवात झाली. प्रमाण दहा लाखांत 25 हजार भाग, म्हणजे बाळाच्या मात्रेच्या साडेबाराशे पट. इतका तीव्र वायू कुणी श्वासावाटे घेतला तर त्याचा जीवच जाईल. म्हणून तो थेट गाठीतच, काही मिनिटं सोडायचा. निवडलेल्या गाठीही कातडीतल्या किंवा कातडीखालच्या, सुई पोचेल आणि डोळ्यांना दिसेल अशा. आणि माणसं अशी, की ज्यांची गाठ कापून काढता येत नाही किंवा जिने आधीच्या उपचारांना दाद दिलेली नाही.

या वायूचा स्वभाव दुहेरी आहे. थोडा असला तर गाठीला रक्तपुरवठा मिळवून द्यायला मदत करतो, फार झाला तर तिच्या पेशी मारतो. संशोधकांची खरी आशा मात्र त्याच्या पुढची आहे. मेलेल्या पेशींचे तुकडे शरीराच्या संरक्षक पेशींनी पाहावेत, शत्रू ओळखावा आणि दूरच्या गाठींवरही चालून जावं. उंदरांमध्ये तशा खुणा दिसल्या आहेत. उपचारानंतर पुन्हा कर्करोगाच्या पेशी टोचल्या, तरी अनेकांच्या अंगात त्या रुजल्या नाहीत. पण उंदरांत बरा झालेला कर्करोग माणसात हटून बसल्याची उदाहरणं वैद्यकात ढिगाने आहेत.

शरीराच्या संरक्षणालाच गाठीवर सोडण्याचा हा विचार जुनाच. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी 1891 साली शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या एका रुग्णाच्या गाठीत जिवंत जंतू टोचले. ताप इतका चढला की माणूस जातो की काय अशी वेळ आली, पण गाठ विरली आणि तो पुढे काही वर्षं जगला. नंतरच्या काही जणांचा मात्र त्या जंतूंनीच बळी घेतला. त्या काळी परवानगी देणारी समिती नव्हती आणि संमतीचा आजच्यासारखा रिवाजही नव्हता.

आज समिती आणि संमती दोन्ही आहेत, आणि मला खरं बोलायचं आहे ते इथेच. वायूच्या या चाचणीसारख्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य प्रश्न एकच असतो: ही मात्रा माणसाला सोसते का? आधी मोजक्या जणांना कमी मात्रा द्यायची, थांबायचं, रक्तदाब आणि रक्तातला प्राणवायू पाहायचा, मग पुढच्यांसाठी मात्रा वाढवायची. गाठ आटली तर उत्तमच, पण चाचणी त्या मापाने आखलेली नसते. संमतीपत्रात हे लिहिलेलं असतं, तरीही सही करणाऱ्याच्या मनात ‘हा माझा उपचार’ असंच असतं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल अ‍ॅपलबॉम आणि त्यांचे सहकारी 1982 पासून हेच सांगत आले: रुग्ण प्रयोगालाच उपचार समजतो. डॉक्टरांनी हात टेकल्यावर दुसरं काही समजणं अवघडच आहे. त्या माणसाला मी भाबडा म्हणणार नाही. पण ‘गॅसच्या इंजेक्शनने कर्करोग बरा’ असा निरोप मोबाइलवरून घरोघर पोचवणाऱ्यांनी तो एखाद्या हताश मुलीच्या हाती पडतो हे ध्यानात घ्यावं. वडिलांचे रिपोर्ट घेऊन ती दुसऱ्या दिवशी दारोदार फिरते.

आज ज्यांचा आपल्याला आधार वाटतो त्या औषधांची मात्रा अशाच कुणाच्या तरी अंगावर ठरली. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात 2021 साली रक्ताच्या कर्करोगासाठी देशी कार-टी पेशी (रुग्णाच्याच, प्रयोगशाळेत बदललेल्या संरक्षक पेशी) पहिल्यांदा दिल्या गेल्या आणि 2023 मध्ये त्या उपचाराला मान्यता मिळाली. मधल्या काळात जे त्या खाटांवर होते, त्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत आणि कळूही नयेत. त्यांनी जे दिलं ते मात्र नोंदीत आहे.

या नोंदीबद्दल आपण आग्रही असायला हवं. वायूचा प्रयोग फसला, तरी कुणाला काय झालं, कोणत्या मात्रेला झालं, हे सगळं उघड झालं पाहिजे. जागतिक वैद्यक संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात ते 2000 पासून स्पष्ट लिहिलेलं आहे: निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध करावेत. तरीही अपयशी चाचण्या फायलींत पडून राहतात, कारण त्यांच्यामुळे कंपनीच्या शेअरचा भाव पडतो. सही करताना ज्याने ‘माझा नाही तर पुढच्या कुणाचा तरी उपयोग होईल’ असं म्हटलं, त्याच्याशी झालेला करार म्हणजे हे निष्कर्ष उघड करणं. तो पाळण्याची जबाबदारी कंपनीची आहे, मान्यता देणाऱ्या खात्याची आहे आणि त्या औषधावर पुढे बरं होऊ पाहणाऱ्या आपलीही आहे.